कुडाळ: बदकं मरताहेत, कोंबड्या ठणठणीत. बर्ड फ्लू की आणखी काही?

तळ्याकाठचा (रविवार, रात्री १०:४०)

मंडळी, इथे वाचायला रोज येतो, लिहितो क्वचित. आज डोकं ठिकाणावर नाही, चुका पोटात घाला.

कुडाळपासून आत आमची चार एकर जागा, त्यात अस्तरीकरण केलेलं शेततळं. तीन वर्षांपूर्वी खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची ३० पिल्लं आणली होती, वाढत वाढत ६२ झाली. अंडी दोन हॉटेलांना आणि एका बेकरीला जातात. गेल्या रविवारी आठवडी बाजारात एका व्यापाऱ्याकडून १८ मोठी बदकं घेतली. भाव फार कमी सांगितला, मी हुरळलो आणि आणून सरळ तळ्यात सोडली.

गुरुवारी सकाळी ३ मेलेली. शुक्रवारी ७, शनिवारी ११, आज संध्याकाळपर्यंत ९. एकूण ३०. यातली बाजारातली फक्त २, बाकी सगळी माझी जुनी. मरण्याआधी सावलीत कोपऱ्यात जाऊन बसतात, डोळे मिटलेले, पापण्या चिकटलेल्या, उजेड नको असतो. पंख पसरून त्यांच्या टेकूवर बसतात. पाणी मात्र सारखं पितात. हिरवट पांढरी पातळ हगवण. मेलेल्या नरांपैकी चार-पाच जणांचं इंद्रिय बाहेर लोंबत होतं, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. अंगानं सगळी भरलेली, रोडावलेलं एकही नाही.

आणि कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे त्याच अंगणात माझ्या १४ गावठी कोंबड्या आहेत. तेच दाणे, तेच पाणी. एकीलाही काही नाही.

शेजारी तीनशे मीटरवर एकाची ब्रॉयलरची शेड आहे, ४,००० पक्षी. आठ दिवसांत बॅच उचलणार. तो दुपारी येऊन अक्षरशः हात जोडून गेला, "कोणाला बोलू नको, मी मरेन." माझाही धीर होत नाहीये. काय करू?

---

बांद्याचो_बाबल्या (रविवार, रात्री ११:०५)

अरे, एक फाडून बघ मरे. काळजार, आतड्यार डाग दिसले तर लगेच कळतला. आमी राणीखेतीक, कोंबड्यांच्या त्या रोगाक, असाच करू.

---

गुरांचा_डॉक्टर (रविवार, रात्री ११:२०)

बाबल्या, थांब. धागाकर्ते, काहीही फाडू नका. पशुसंवर्धन खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालोय म्हणून आवाज चढवतो, राग मानू नका. बर्ड फ्लू नाही हे प्रयोगशाळेनं सांगेपर्यंत तो आहे असंच धरून चालायचं. मेलेलं पाखरू उघडलंत की रक्त, विष्ठा, हवेतले थेंब सगळं तुमच्या नाकातोंडाशी. २०२१ च्या जुलैत दिल्लीच्या एम्समध्ये एक शाळकरी मुलगा एच५एन१ या बर्ड फ्लूच्या प्रकारानं दगावला, भारतातली ती पहिली नोंद. असं क्वचित होतं, पण जुगार खेळायची ही जागा नाही.

आता तुमच्या वर्णनाबद्दल. चांगलं निरीक्षण आहे, खात्यातले काही लोकसुद्धा एवढं लिहीत नाहीत. माझा संशय डक प्लेगवर आहे. नावात प्लेग असला तरी उंदरांच्या प्लेगशी त्याचा संबंध नाही. हा नागीण कुळातला विषाणू, हर्पीस. बदक, हंस, गूज (हंसासारखाच पाळीव पक्षी) एवढ्यांनाच धरतो. कोंबडीला होत नाही, माणसाला होत नाही. नेदरलँड्समध्ये १९२३ मध्ये पहिल्यांदा दिसला, तेव्हा लोकांना तो कोंबड्यांच्या प्लेगचाच प्रकार वाटला होता. म्हणजे तुमचा आजचा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. आपल्याकडे बंगालात साठच्या दशकापासून माहीत आहे.

खुणा जुळतात: भरल्या अंगाची मोठी बदकं झटकन मरणं, उजेड नकोसा होणं, तहान, नरांचं इंद्रिय बाहेर येणं, आणि नवीन बदकं आल्यावर चौथ्या दिवशी मर सुरू होणं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला ३ ते ७ दिवस लागतात. बाजारातली १८ धडधाकट दिसतात कारण ती बहुधा जुनी वाहक आहेत. कधीतरी आजार होऊन वाचली, विषाणू मज्जातंतूंत दडून राहिला. गाडीत कोंबणं, उपास, नवी जागा असा ताण आला की तो पुन्हा विष्ठेतून, लाळेतून पडायला लागतो. माणसात कांजिण्यांचा विषाणू दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण म्हणून वर येतो, तसंच.

पण कोंबड्या जिवंत आहेत यावरून सुटकेचा निःश्वास टाकू नका. तेवढ्यावर मी सही केली नसती. उद्या सकाळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ ला फोन करा. मेलेली बदकं दोन पिशव्यांत बांधून सावलीत झाकून ठेवा, शक्यतो बर्फावर. डीप फ्रीजमध्ये घालू नका. तळ्याचं पाणी ओढ्याला सोडू नका. आजपासून घरातून एकही अंडं, एकही पाखरू, एकही खाद्याचं पोतं बाहेर जाणार नाही. तळ्यावरच्या चपला तळ्यावरच. घरातल्यांचा ताप-खोकला दहा दिवस बघा.

---

तळ्याकाठचा (रविवार, रात्री ११:५२)

डॉक्टर, धन्यवाद. पण सांगितल्यावर बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरमधलं सगळं मारतात ना? शेजाऱ्याची ४,००० जातील माझ्यामुळे. आयुष्यभर तोंड दाखवता येणार नाही गावात.

---

नवापूरकर_६२ (सोमवार, सकाळी ६:३०)

रात्री वाचलं आणि झोप उडाली. मी नवापूरचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याकडे जाहीर झाला. तेव्हा आमची लेयरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, शेड होती.

आधी काही आठवडे मरतूक चालूच होती आणि आम्ही सगळे एकमेकांना एकच शब्द सांगत होतो: राणीखेत. राणीखेतला औषध नसलं तरी लस असते, बाजार बंद होत नाही, पोलीस येत नाहीत. म्हणून तो शब्द गोड वाटायचा. काही जणांनी मेलेला माल शेडमागे पुरला, काहींनी असाच टाकला. मग भोपाळच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं आली.

आमचं स्टेशन माहीत असेल, अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एकाच बाकावर दोघं बसले तर दोन राज्यांत. तिकडच्या उच्छलमध्येही निघालाच. सगळ्या देशात चिकनचा भाव पडला आणि वर्षभर नवापूर म्हटलं की लोक मागे सरकायचे. मुलीच्या सासरचे लग्नाला यायला घाबरले, हे आज हसून सांगतो.

तुमच्या शेजाऱ्याची भीती मला कळते. मीही हात जोडणाऱ्यांतलाच होतो. पण एक हिशोब त्याला सांगा. भरपाई सरकारी माणसांनी मारलेल्या पक्ष्याची मिळते, आधी मेलेल्या पक्ष्याची नाही. आठ दिवस गप्प बसलो आणि त्याच्या शेडमध्ये शिरलं, तर ४,००० पैकी बरीचशी आपोआप मरतील आणि हातात भोपळा येईल. २०२१ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे पुन्हा निघाला तेव्हा हे गणित लोकांना पाठ होतं.

---

उसळपाव (सोमवार, सकाळी ८:१५)

एक बाळबोध प्रश्न. बदकाला बर्ड फ्लू झाला तर ते मरत नाही असं कुठंतरी वाचलं होतं. मग ३० मेली म्हणजे बर्ड फ्लू नाहीच, असं नाही का?

---

रेणूसूत्र (सोमवार, सकाळी ९:०२)

@उसळपाव, अर्धं बरोबर. रानबदकं हे इन्फ्लुएन्झाचं मूळ घर. विषाणू त्यांच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाण्यात पडतो, बदक निवांत पोहत असतं. पेशीत विषाणू शिरला की घंटा वाजवणारं 'रिग-आय' नावाचं जनुक बदकाकडे आहे. कोंबडीकडे ते नाहीच, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. बदक लवकर सावध होतं ते यामुळे, निदान काही अंशी.

पण १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँगमधल्या गूजमध्ये सापडलेल्या एच५एन१ च्या वंशजांनी हा जुना करार मोडला. २००२ च्या अखेरीस हाँगकाँगच्या बागांमध्ये बदकंसुद्धा मेली. तेव्हापासून कुठला प्रकार बदकाला मारेल आणि कुठला नुसता मिरवेल याचा नेम नाही. मरतात तेव्हा निदान कळतं तरी. न मरणारी बदकं जास्त महागात पडतात. थायलंडमध्ये २००४ मध्ये कोंबड्यांतली साथ नकाशावर मांडली तर ती भातशेतीत मोकळी चरणारी बदकं होती त्याच पट्ट्यांत दाट निघाली.

---

अलेप्पीवाला (सोमवार, दुपारी १:३०)

भातशेतीतली बदकं म्हटल्यावर लिहिणं भाग आहे. बँकेच्या नोकरीत २०१३ ते २०१९ केरळात आलप्पुळाला होतो, त्यातली चार वर्षं कुट्टनाडच्या शाखेत. बदकवाल्यांना कर्ज देणं आणि नंतर वसूल न होणं, दोन्ही माझ्या टेबलावरून गेलंय.

कुट्टनाड म्हणजे समुद्रसपाटीच्याही खाली असलेली भातशेती. बांध घालून, पाणी उपसून पीक काढतात. कापणी झाली की शेतात सांडलेला दाणा, गोगलगाई, किडे खायला बदकांचे कळप सोडतात. एकेका कळपात हजारो. एक शेत संपलं की लांब होडीत भरून किंवा कालव्यातून पोहवत पुढच्या शेतात. दोन माणसं छोट्या होडीतून काठीनं हाकत नेतात, आपल्याकडे धनगर मेंढरं नेतात तसं. चारा आणि चेंबल्ली या तिथल्या जाती. मल्याळममध्ये बदकाला ताराव म्हणतात, आणि नाताळ-ईस्टरला ताराव रोस्ट नसेल तर सण झालाच नाही असं समजतात. त्यामुळे नोव्हेंबर म्हणजे कळप भरलेले आणि कर्ज डोक्यावर.

आणि २०१४ चा बर्ड फ्लू बरोबर नोव्हेंबरात आला. आलप्पुळा, कोट्टायम, पत्तनमतिट्टा. दोन लाखांच्या वर बदकं गेली. आपल्याकडे खड्डा खणून चुना टाकून पुरतात. कुट्टनाडात फावडंभर खणलं की पाणी लागतं. म्हणून लाकडं, डिझेल टाकून जाळायचे. तो वास आठवडाभर शाखेत यायचा. भरपाई होती दोन महिन्यांवरच्या बदकाला २०० रुपये, लहानाला १००, अंड्याला ५. नाताळात त्याच बदकाचे दीडपट मिळाले असते म्हणून लोक कुरकुरायचे, तरी देत होते, कारण पैसे लवकर हातात पडले.

दोन वर्षांनी, २०१६ च्या ऑक्टोबरात, पुन्हा. यावेळी एच५एन८ हा दुसरा प्रकार. मी तिथून निघाल्यावर २०२१ च्या जानेवारीत नेडुमुडी, तकळी भागात. २०२४ च्या एप्रिलात एडत्वा आणि चेरुतनाला. जुने खातेदार अजून फोन करतात.

मुद्द्याची गोष्ट अशी की प्रत्येक वेळी पहिले काही दिवस लोक डक प्लेगच समजायचे. तिकडे तो ओळखीचा आजार. लस सरकारी, पालोडच्या संस्थेत बनते. मर सुरू झाली की जुनी माणसं आधी लस टोचून बघायची, थांबली नाही तर मग डॉक्टर. त्या दोन-चार दिवसांत कळप तीन शेतं पुढे गेलेला असायचा. धागाकर्ते, तुमचं तळं जागचं हलत नाही. तुम्ही नशीबवान आहात, हे आत्ता पटणार नाही.

---

चामोर्शीकर (सोमवार, दुपारी ३:१०)

गडचिरोलीतून. आमच्याकडे मुलचेरा, चामोर्शी भागात बंगाली वस्त्या आहेत, पुनर्वसनाच्या. घरामागे पोखर, म्हणजे तळं, आणि तळ्यात हंस म्हणजे बदकं. (बंगालीत बदकालाच हाँश म्हणतात, त्यामुळे पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा मी हबकलो होतो.) मी लहान असताना एका वस्तीतली बदकं आठवड्यात संपली होती, कोंबड्या तशाच. तेव्हा नाव कोणाला माहीत नव्हतं. पण म्हाताऱ्यांनी एक नियम घातला होता: दुसऱ्याच्या पोखरीतलं बदक आणलं तर महिनाभर अंगणात टोपल्याखाली, पोखरीत नाही. सुनेलाही इतकं लांब ठेवत नाहीत, असं तिथल्या बायका म्हणायच्या.

---

गुरांचा_डॉक्टर (सोमवार, दुपारी ४:००)

चामोर्शीकर, तुमच्या म्हाताऱ्यांना माझा नमस्कार. विलगीकरण शिकवायला आम्हाला सरकारी पुस्तिका लागल्या.

धागाकर्ते, कळवा.

---

तळ्याकाठचा (सोमवार, रात्री ९:४५)

कळवतो. सकाळी निघताना शेजाऱ्याच्या घरी गेलो. नवापूरकरांचा हिशोब जसाच्या तसा सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मीच येतो बरोबर." दोघंही गेलो.

दवाखान्यात आधी ऐकून घ्यायला कोणी नव्हतं. एक जण म्हणाला, "बदकाचं काय एवढं, उन्हाचं मेलं असेल." जानेवारीत! मग मी डॉक्टरांनी इथे लिहिलेलं मोबाईलवर वाचून दाखवलं. त्यानंतर हालचाल झाली. दुपारी तिघं आले, अंगभर किट, दोन मास्क. जिवंत आजारी बदकांच्या घशातून आणि गुदद्वारातून काड्या फिरवून नमुने घेतले, कोंबड्यांचेही घेतले. मेलेली चार बर्फाच्या डब्यात. पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळला. तोवर १० किलोमीटरमध्ये विचारपूस, माझ्या अंगणाला दोरी.

गावात काय झालं ते सांगायला नको. पांढरे कपडे दिसले आणि अर्ध्या तासात 'कुडाळात बर्ड फ्लू' असा मजकूर माझ्याच तळ्याच्या फोटोसकट माझ्याच फोनवर आला. दोन्ही हॉटेलांनी अंडी बंद केली. बेकरीवाल्यानं उरलेली परत पाठवली. आज ६ मेली.

---

बांद्याचो_बाबल्या (सोमवार, रात्री १०:१०)

तो फोटो माकापण इलो. ज्यांनी पाठवल्यान त्येका चार शब्द ऐकवलंय. आणि कालचा फाडूचा बोललंय ता माघारी घेतंय.

---

तुलूजची_मेधा (मंगळवार, पहाटे २:२०)

मी फ्रान्सच्या नैऋत्येला राहते, ही इथल्या बदकांची पंढरी. फ्वा ग्रा म्हणजे बदकाच्या पोसलेल्या यकृताचा पदार्थ, त्यावर इथली गावंच्या गावं चालतात. (तो कसा करतात हे इथे नको, वेगळा धागा पेटेल.)

२०२१-२२ च्या हंगामात या देशात बर्ड फ्लूची १,३७८ केंद्रं निघाली, दोन कोटींच्या आसपास पक्षी मारले. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या आईवडिलांचं बदकांचं शेत आहे, त्यांचा कळप आजारी नसतानाही खबरदारी म्हणून गेला. ते जेवणाच्या टेबलावर रडले म्हणे. मग सरकारनं ठरवलं की आता लस. १ ऑक्टोबर २०२३ पासून २५० हून जास्त बदकं असलेल्या शेतांना सक्ती. कोंबड्यांना नाही, बदकांनाच, कारण बदक लक्षण दाखवण्याआधीच काही दिवस विषाणू टाकत असतं. पिल्लू दहा दिवसांचं असताना पहिला डोस. पहिल्या वर्षी ८५ टक्के खर्च सरकारचा. २०२३-२४ मध्ये केंद्रं किती? दहा.

भारतात का देत नाहीत?

---

रेणूसूत्र (मंगळवार, सकाळी ८:४०)

आकडे झकास, पण मेधा, पुढचंही सांगा. अमेरिकेनं तेव्हा लगेच फ्रेंच पोल्ट्रीवर आयातबंदी घातली होती. कारण लस टोचलेला पक्षी आजारी न पडता विषाणू बाळगू शकतो, ही भीती. म्हणून फ्रान्सला लसीबरोबर कायमची तपासणीही करावी लागते: मेलेल्या बदकांचे नमुने, पशुवैद्यांच्या फेऱ्या. लस स्वस्त, पहारा महाग. आपल्याकडे कुट्टनाडातली फिरती बदकं आणि बंगाल-आसामातली घराघरांतली पाच-दहा बदकं, यांच्यामागे हा पहारा कोण करणार?

---

अलेप्पीवाला (मंगळवार, सकाळी ९:३०)

रेणूसूत्र, हे ऑफिसातून बोलणं झालं. पहारा नाही म्हणून लस नाही, आणि लस नाही म्हणून दर दोन-तीन वर्षांनी लाखभर बदकं जाळायची. डक प्लेगची लस तर हीच फिरती बदकं वर्षानुवर्षं घेतायत. टोचणारा माणूस बांधावर पोहोचतो, मग नमुना घेणारा का पोहोचणार नाही?

---

रेणूसूत्र (मंगळवार, सकाळी ९:५०)

डक प्लेग लपला तर बदकवाल्याचं नुकसान. बर्ड फ्लू लपला तर सगळ्यांचं. दोन्ही एका तागडीत नका घालू. पण बांधावर माणूस पोहोचतो हा तुमचा मुद्दा मान्य.

---

पिल्लूवाली_सासवड (मंगळवार, सकाळी ११:१५)

धागा पळवत नाही, पण विचारते. माझी १२ दिवसांची बदकपिल्लं दोन दिवसांत २५ मेली. एका अंगावर पडतात, पाय मारतात आणि मान पार पाठीवर वळवून मरतात. मोठी बदकं ठीक. हेही तेच का?

---

गुरांचा_डॉक्टर (मंगळवार, दुपारी १२:००)

ताई, हे बहुधा वेगळं. तीन आठवड्यांच्या आतली पिल्लं, मान पाठीमागे ताणलेली, मोठ्यांना काही नाही, हे बदकांच्या विषाणूजन्य काविळीचं, म्हणजे डक हिपॅटायटिसचं चित्र. १९४५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पहिल्यांदा नोंदलं. यकृतावर घाव घालतो आणि तासाभरात पिल्लू जातं. पण खाद्यही तपासा. भुईमुगाची पेंड घालता का? बुरशीच्या विषाला, अफ्लाटॉक्सिनला, बदकाचं पिल्लू फार हळवं. कोंबडीला पचेल तेवढ्यानं ते मरतं. पेंड आजच बंद करा आणि दोन-तीन ताजी मेलेली पिल्लं बर्फावर ठेवून दवाखान्यात द्या.

---

तळ्याकाठचा (शुक्रवार, संध्याकाळी ७:०५)

भोपाळचा अहवाल आला. बर्ड फ्लू नाही. बदकं निगेटिव्ह, कोंबड्या निगेटिव्ह.

त्यानंतरच शवविच्छेदन झालं. डॉक्टरांनी मला लांबून दाखवलं. हृदयावर लाल रंगाचा कुंचला झटकल्यासारखे ठिपके. आतड्यावर लाल कड्या, बाहेरूनही दिसणाऱ्या, बांगड्या भरल्यासारख्या. अन्ननलिकेत आणि गुदद्वाराशी पिवळट हिरवी खपली. एका मादीच्या पोटात रक्तात मिसळलेला बलक. डक प्लेग. पीसीआरनंही तेच सांगितलं.

शेजाऱ्याला फोन केला तर तो आधी दोन मिनिटं हसला, मग रडला. त्याची बॅच परवा उचलली जातेय.

माझी ४३ मेली आहेत. बर्ड फ्लू असता तर मारलेल्यांची भरपाई होती. डक प्लेगला काही नाही, हे कळल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे वाचलो की बुडालो?"

---

नवापूरकर_६२ (शुक्रवार, संध्याकाळी ७:३०)

वाचलात. वहिनींना नवापूरहून सांगतोय म्हणावं.

---

गुरांचा_डॉक्टर (शुक्रवार, रात्री ८:१०)

आता लस. जिवंत, सौम्य केलेल्या विषाणूची असते, आणि साथ चालू असतानाही टोचली तर उपयोग होतो, कारण लसीचा विषाणू शरीरात जागा अडवतो आणि रोगाच्या विषाणूला वाढू देत नाही. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना मागणी नोंदवायला सांगा. नुसती दिसायला निरोगी नव्हे, सगळ्यांना टोचा, दर पक्ष्याला नवी सुई.

तळं रिकामं करा. पाणी बाहेर न सोडता शेतातच जिरवा, अस्तर उन्हात तापू द्या, मग चुना. पाण्याचा सामू (पीएच) ११ च्या वर गेला की हा विषाणू टिकत नाही, चुन्याचं काम तेवढंच. थंड पाण्यात मात्र तो बरेच दिवस जगतो, त्यामुळे घाई नको.

आणि कडू भाग. वाचलेली बदकं यापुढे वाहक धरायची. विकायची नाहीत, कोणाला भेट द्यायची नाहीत, त्यांची अंडी उबवायची नाहीत. खायला अंडी चालतील, माणसाला या विषाणूचा धोका नाही. नवा कळप हवा असेल तर हा पूर्ण संपवून.

---

तळ्याकाठचा (एप्रिल, धागा वर आणतोय)

तीन महिने झाले, काही जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं म्हणून लिहितो.

लस यायला नऊ दिवस लागले, तोवर आणि नंतर मिळून आणखी ५ गेली. उरली ३२. मोजून बघितलं तर गंमत अशी की १६ बाजारातली आणि १६ माझी जुनी. रोग आणणारी आणि रोग सोसून उरलेली, आता एकाच तळ्यात पोहतात आणि संध्याकाळी एकाच रांगेत परत येतात. कुठली कुठली ते मलाही ओळखू येत नाही.

बेकरीवाला परत आला, हॉटेलांपैकी एक. काल १९ अंडी निघाली. शेजाऱ्यानं त्याच्या शेडच्या दाराशी चुन्याचं पाणी ठेवलंय आणि मी गेलो की आधी माझ्या पायांकडे बघतो.

गेल्या रविवारी त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. वीस बदकं आहेत म्हणाला, मागच्यापेक्षाही स्वस्त. मी विचारलं, कुठल्या कळपातली? लस झालीय का?

"अहो साहेब," तो म्हणाला, "बदकं आहेत, पाण्यातली."